बारा नंबरची गाय

गीताबाईची गाय मुतायला लागली की निमवाडीत पळापळ व्हायची. पळायची एकटी गीताबाईच. बाकीचा गाव कडेला उभा राहून गंमत बघायचा. हातातला भाकरीचा उंडा परातीत टाकून, पिठाचे हात लुगड्याला पुसत ती गोठ्याकडं धावायची आणि गाईच्या मागं बादली धरून उभी राहायची. धार संपली की दूध मोजायच्या लिटरच्या मापानं ती बादली मोजायची आणि आकडा डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर लिहायची. सकाळी सहा लिटर, दुपारपर्यंत आणखी पाच. रस्त्यानं जाणारा-येणारा विचारायचा, "काय गीताबाई, आज फॅट किती लागलं?"

"तुज्या म्हशीच्या दुधापरीस जास्ती," गीताबाई मान वर न करता सांगायची. ती काही उसनं ठेवून घेणारी बाई नव्हती.

हसणाऱ्यांचं काय जातं? हसायला भांडवल लागत नाही आणि अक्कल तर त्याहून नाही. पण गीताबाईला त्या बादलीची लाज वाटत नव्हती. तिला वाटत होतं, या बादलीतूनच आपली गाय बरी होणार आहे. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, राहात्याच्या अलीकडं ओढ्याकाठी दोन खोल्या, दूध संघाच्या ऑफिसात झाडू मारायचं काम, आणि दारात ही एक जर्शी गाय. मैना तिचं नाव. कालवड होती तेव्हापासून गीताबाईनं तिला हातावर वाढवलेली. लेक यशोधरा नगरला नर्सिंग शिकत होती आणि तिचं सगळं शिक्षण मैनेच्या आचळांतून चाललं होतं. मैना गेली असती तर दावणीबरोबर पुष्कळ काही मोकळं झालं असतं.

दुखणं सुरू झालं ते दिवाळीच्या आधी महिनाभर. मैनेच्या गळ्याखाली जी कातडी लोंबते, जिला आपण पोळी म्हणतो, तिथं सूज आली. आधी मुठीएवढी, मग नारळाएवढी, आणि आठ दिवसांत अशी की गाईच्या गळ्यात कोणी पाण्याची पखाल बांधली आहे. दाबलं की बोट आत जायचं आणि खड्डा तसाच राहायचा. दूध निम्म्यावर आलं. गीताबाईनं आपल्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, सहादूला बोलावलं.

सहादू गावच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. सव्वीस वर्षांत त्यानं सात डॉक्टर आलेले आणि गेलेले बघितले होते, आणि सातांच्याही हातावर साबणाचं पाणी ओतलं होतं. त्याच्याकडं डिग्री नव्हती, नुसता हात होता. त्यानं मैनेच्या पाठीवर चिमटा काढला; चांगली गाय अशा वेळी पाठ दबवते, ही नुसती कण्हली. मग त्यानं छातीखालून एक बांबू घातला, एका बाजूला गीताबाईला धरायला लावलं, दुसरीकडून स्वतः धरून हळूच वर उचलला. मैना अशी कण्हली की गीताबाईच्या हातातून बांबू सुटला.

"काय खाऊ घातलं हिला?"

"काय खानार? कडबा, घास, उसाचं वाढं." गीताबाई थांबली. "आन सत्काराचं हार."

इथं जरा आबासाहेबांबद्दल सांगायला पाहिजे. भाद्रपदात दूध संघाची निवडणूक झाली आणि आबासाहेब चौथ्यांदा चेअरमन झाले. त्यानंतर पंधरा दिवस संघाच्या हॉलात दूध कमी आणि फुलं जास्त येत होती. सोसायट्या आल्या, पतसंस्था आल्या, तालीम मंडळ आलं, ज्यांनी विरोधात मतं टाकली ते तर सगळ्यात मोठे हार घेऊन आले. आबासाहेबांची मान मुळातच आखूड, तिच्यावर जागा पुरेना. एकेक हार पुरुषभर लांब. माणूस मोठा तसा हार मोठा, आणि एवढं वजन दोऱ्याला पेलत नाही म्हणून आत तार. सत्कार संपला की हार खुर्च्यांवर पडायचे आणि आबासाहेब निघून जायचे. मागं राहायची गीताबाई आणि झाडू. एवढी ताजी फुलं उकिरड्यावर टाकायला तिचं मन होईना. ती पाटीभर हार घरी न्यायची आणि मैना ते झेंडू असे हाणायची की बघत राहावं.

सहादूनं कुडाला अडकलेला एक उरलेला हार ओढून काढला आणि त्याची फुलं ओरबाडली. हातात उरली लखलखीत बारीक तार.

"गीताबाई," तो म्हणाला, "आबासाहेबांचा निम्मा सत्कार हिच्या पोटात हाय."

गीताबाईनं ती तार हातात घेऊन बघितली.

"शेळी असती तर निवडून खाल्लं असतं. गाईला तेवढा दम कुठं? जिभेनं वढायचं आन ढकलायचं आत. आता ती तार रुतत रुतत काळजाकडं निघालीय, म्हनून हे पानी साचलंय. उपाय एकच. नगरला मोठ्या दवाखान्यात न्ह्यायची. डाव्या कुशीला चीर देत्यात, हात घालत्यात आन तार काढत्यात. आठ-पंधरा दिसांत गाय पुन्ना रवंथ करती. पर त्याला आपल्या डाक्टरची चिट्टी लागती."

आपले डॉक्टर म्हणजे डॉ. कानिफनाथ. पाथर्डीकडचा माणूस, वय पस्तिशीचं, गळ्यात कॅमेरा. ते डॉक्टर होतेच, पण त्यांना आणखी एकदा डॉक्टर व्हायचं होतं. चार वर्षं ते एक प्रबंध लिहीत होते, गाईच्या शरीरातल्या बाह्य वस्तूंमुळे येणाऱ्या सुजेवर लघवी वाढवणाऱ्या औषधाचा परिणाम. विद्यापीठाला बारा गायी हव्या होत्या. अकरा झाल्या होत्या. बारावीसाठी डॉक्टर वस्त्यावस्त्यांवर मोटारसायकल फिरवत होते, आणि गीताबाई आपल्या पायांनी त्यांच्या दवाखान्यात गेली.

"तार आहे पोटात? नक्की?" डॉक्टरांनी विचारलं.

"सहादू दाजी म्हनत्यात हाय."

"वा!" डॉक्टर म्हणाले. उपवर पोरीला स्थळ सांगून आल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. "आणि सूज? गळ्याखाली? वा, वा!"

"मंग चिट्टी द्या सायेब. नगरला न्हेऊन तार काढून घेते."

डॉक्टरांचा चेहरा एकदम पडला. "काढून? गीताबाई, तार काढली तर अभ्यास कसा होणार?"

"कसा म्हंजी?"

डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली. आजवर त्या दवाखान्यात तिला कोणी खुर्ची दिली नव्हती. मग त्यांनी शांतपणे समजावलं. समजा, आपण औषधही दिलं आणि तारही काढली. सूज उतरली. मग ती औषधानं उतरली की तार काढल्यानं, हे कसं सांगणार? विज्ञानात असं अंदाजपंचे चालत नाही. म्हणून एकवीस दिवस नुसतं औषध द्यायचं, सूज मोजायची, लघवी मोजायची. तारेला हात लावायचा नाही.

गीताबाईला विज्ञानातलं एवढंच कळलं की तार आत राहिली पाहिजे.

"आन एकवीस दिसांनी?"

"एकवीस दिवसांनी मी स्वतः चिठ्ठी देतो. औषध फुकट. तुमच्या गाईचं नाव प्रबंधात येईल."

प्रबंधात मैनेचं नाव आलं नाहीच. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या गळ्यात पाटी अडकवली, पाटीवर खडूनं लिहिलं '१२', आणि फोटो काढला. पोलीस चौकीत भुरट्या चोराचा काढतात तसा. मग शिंप्याच्या टेपनं सुजेचा घेर घेतला आणि इंजेक्शन दिलं. तासाभरात मैनेनं जी धार सोडली ती थांबता थांबेना. बादलीची पळापळ सुरू झाली ती त्या दिवसापासून.

खोटं कशाला सांगा, सूज उतरली. चौथ्या दिवशी पखाल अर्धी झाली, सातव्या दिवशी नुसती सुरकुतलेली कातडी लोंबायला लागली. बघायला माणसं आली. आबासाहेबही जीपमधून उतरले, गाईकडं लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "आपल्या संघाच्या कार्यक्षेत्रात एवढं मोठं संशोधन चाललंय, ही अभिमानाची बाब आहे." वार्षिक सभेत डॉक्टरांचा सत्कार करायचं तिथंच ठरलं. एकटा सहादू गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता. सगळे गेल्यावर तो म्हणाला, "दुखनं रेड्याला आन डाग पखालीला."

गीताबाईला त्याचा राग आला. सूज डोळ्यांना दिसते, तार दिसत नाही. माणूस दिसतं त्यावर विश्वास ठेवतो, आणि डॉक्टरनं खुर्ची दिली असेल तर जरा जास्तच ठेवतो.

पण गीताबाईला दुसरंही दिसत होतं. मैना वैरणीला तोंड लावेना. पुढचे पाय फाकून, कोपरं बाहेर काढून ती तासन् तास उभी राहायची, बसायची नाही. गोठ्यापासून ओढ्यापर्यंत उतार होता. पाण्यावर न्यायला निघालं की मैना उताराच्या तोंडाशी थांबायची आणि काही केल्या खाली पाऊल टाकायची नाही. खाली उतरताना पोटाचं वजन पुढं येतं आणि तार टोचते. एवढं गाईला कळत होतं. नवव्या दिवशी डॉक्टर टेप घेऊन आले तेव्हा गीताबाईनं सांगितलं, "रातभर कन्हती वो."

डॉक्टरांनी कागद वरपासून खालपर्यंत बघितला. "कण्हण्याचा रकाना नाही."

"उतारानं खाली जात न्हाई."

"आणि चढावर?"

"चढती."

"मग चढवा," डॉक्टर म्हणाले आणि टेप गुंडाळली.

बाराव्या दिवशी गीताबाई एक नंबरची गाय बघायला गेली. ही गोष्ट खरं तर तिनं पहिल्याच दिवशी करायला हवी होती, पण शहाणपण नेहमी उशिराच्या गाडीनं येतं. एक नंबरची गाय वरच्या वस्तीवर रंगनाथची. रंगनाथ बागायतदार माणूस, चार खणी घर, घरात टीव्ही. त्यानं गीताबाईला ओट्यावर बसायला सांगितलं आणि आतून एक काचेची फ्रेम आणली. फ्रेममध्ये दोन फोटो. डावीकडं सुजलेली गाय, उजवीकडं न सुजलेली. दोन्हींच्या गळ्यात '१' ची पाटी.

"बघ," रंगनाथ म्हणाला. "सुजंचा मागमूस तरी दिसतोय का?"

"न्हाई दिसत, आन्ना. गाय कुठं हाय?"

"गाय गेली."

"कवा?"

"सव्विसाव्या दिशी. पर गेली तवा सूज न्हवती हां! एकदम मोकळी दिसत हुती." रंगनाथनं धोतराच्या सोग्यानं काच पुसली. "दोन नंबरची बी गेली. पाच नंबर बी गेली म्हनत्यात. समद्यांचं ऐकलं न्हाई मी. पर फोटू समद्यांना दिल्यात. मानूस चांगला हाय डाक्टर, घरी येऊन खिळा ठोकून देतो."

गीताबाईनं त्या फोटोकडं बघितलं. उजवीकडच्या फोटोतही गाईची कोपरं बाहेर होती.

घरी न जाता ती तडक दवाखान्यात गेली. या वेळी तिला कोणी खुर्ची दिली नाही.

"सायेब, एक नंबरची गाय मेली."

"माझ्या अभ्यासात एकही गाय दगावलेली नाही," डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. तेच तर वाईट होतं. त्यांनी कागद पुढं केला. "एकवीस दिवस, अकरा गायी, मृत्यू शून्य. बघा."

"सव्विसाव्या दिशी मेली."

"अभ्यास एकविसाव्या दिवशी संपतो. पुढं गाय मालकाची."

"आन त्याच्या आधी कुनाची?"

डॉक्टर मोठ्यानं बोलायला लागले. नऊ दिवस राहिलेत. चार वर्षांची मेहनत. आता बारावी गाय काढून घेतली तर अकराही वाया. चिठ्ठी मिळणार नाही. एकवीस म्हणजे एकवीस. गीताबाईनं पदर पसरला. आयुष्यात नवऱ्यापुढंही पसरला नव्हता तो तिनं त्या टेपवाल्यापुढं पसरला. डॉक्टर कॅमेऱ्यात नवा रोल भरत होते.

मग ती आबासाहेबांकडं गेली. मोठ्या माणसाचा एक शब्द गेला की चिठ्ठी काय, डॉक्टर स्वतः गाय उचलून नगरला नेईल, असं तिला वाटलं. आबासाहेब पहिल्या दिवशी मिटिंगमध्ये होते, दुसऱ्या दिवशी लग्नात, तिसऱ्या दिवशी दहाव्याला. चौथ्या दिवशी ते ऑफिसात भेटले. ती झाडू हातात घेऊनच उभी राहिली.

"गीता, अगं ती गाय आता तुझी एकटीची नाही," आबासाहेब प्रेमानं म्हणाले. "ती गाय संघाची आहे असं समज."

"तार बी संघाचीच हाय, आबासाहेब."

"कसली तार?"

"तुमच्या हारातली."

आबासाहेबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. आपल्या गळ्यातल्या हारानं गाय मरते आहे, ही बातमी राहात्याच्या बाजारात पोचली तर काय होईल, हे त्यांना एका क्षणात दिसलं. विरोधक पोस्टर छापतील. "हे तुला कोनी शिकवलं?" त्यांनी विचारलं. सभेची भाषा एकदम सुटली होती. "कोनाच्या सांगन्यावरून बोलतीस?"

"गाईच्या," गीताबाई म्हणाली.

त्याच संध्याकाळी संचालक मंडळाची तातडीची बैठक झाली आणि ठराव मंजूर झाला की, संघाच्या हॉलात झालेल्या सर्व सत्कारांतील सर्व हार दोऱ्यातच ओवलेले होते. सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं रीतसर. ठराव एकमतानं पास झाला. मैनेच्या पोटातल्या तारेला मात्र तो कळवला गेला नाही, आणि ती आपली पुढं सरकत राहिली.

सोळाव्या दिवशी सहादूनं मैनेच्या छातीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. उठला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"काय दाजी?"

"काळीज वाजायचं तसं वाजत न्हाई. हंड्यात पानी हिंदकळावं तसा आवाज येतोय."

"चिट्टीचं काय?"

"चिट्टीबुक डाक्टरनी कपाटात घालून कुलूप लावलंय. माझ्यावर भरवसा न्हाई त्यांचा." सहादूनं नाक शिंकरलं. "सव्वीस वर्षांत पैल्यांदा कुनीतरी मला वळखलं."

"चिट्टीबिगर जाऊ," गीताबाई म्हणाली. "नगरच्या डाक्टरच्या पाया पडंन. दारात बसंन. हाकलून दिलं तर तिथंच रस्त्यावर गाय बांधंन."

सतराव्या दिवशी सकाळी टेम्पो आला. फळीवरून मैना आपणहून वर चढली. नगरला पोचल्यावर मात्र फळी खाली लागली आणि मैना टेम्पोच्या कडेला थांबली. तिनं खाली बघितलं, मग गीताबाईकडं बघितलं. गीताबाई तिच्या पुढं उलटी उतरत, तिचं तोंड आपल्या छातीशी धरून, एकेका पावलाला बोलत राहिली, "ये माझी बाय. झालं. एवढंच. झालं." मैना कण्हत कण्हत उतरली. बाईसाठी उतरली, नाहीतर ती फळी तिनं कधी उतरली नसती.

मोठ्या दवाखान्याचे डॉक्टर म्हातारे होते. अंगात रबरी एप्रन, हात खांद्यापर्यंत उघडे. गाय बघताच त्यांनी कोणाला काही न विचारता आत घ्यायला सांगितलं. भूल दिली, डाव्या कुशीवरचे केस काढले, चीर दिली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. एकेक करून बाहेर काढलं ते स्टीलच्या ताटात ठेवत गेले. तारा, टाचण्या, पुन्हा तारा. एक निवडणुकीचा बिल्लाही निघाला, मागच्या पिनेसकट. सहादू मोजत होता. सोळापर्यंत मोजून त्यानं सोडून दिलं.

मग डॉक्टरांचा हात आत एका जागी थांबला. बराच वेळ थांबला. त्यांनी तो रिकामाच बाहेर काढला.

"एक पलीकडं गेलीय," ते म्हणाले. "छातीच्या पडद्यातून आरपार. काळजाभोवती सगळा पू झालाय. तिथं माझा हात पोचत नाही, बाई." त्यांनी टाके घालायला सुरुवात केली. "चार-पाच दिवस आधी आणली असती तर वाचली असती. कशाला थांबलात?"

"चिट्टी मिळंना," गीताबाई म्हणाली.

"कसली चिठ्ठी?"

"आमच्या डाक्टरची. तुमच्याकडं आनायची चिट्टी."

म्हाताऱ्या डॉक्टरांनी सुई थांबवली. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. "जनावर आणायला चिठ्ठी कशाला लागते? गाय आणायची, दारात उभी करायची. मी तुम्हाला मागितली का?"

खरंच, कोणी मागितली नव्हती. फाटकावरच्या माणसानं नाही, कागद करणाऱ्यानं नाही. गीताबाईनं सहादूकडं बघितलं. सहादू ताटातल्या तारांकडं बघत होता. सव्वीस वर्षांपूर्वी पहिल्या डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं, माझ्या चिठ्ठीशिवाय कोणी नगरला जायचं नाही. लोक आपल्या डोक्यावरून परस्पर मोठ्या डॉक्टरकडं जातात, हे त्या माणसाला खपत नव्हतं, एवढंच. तो कधीच बदलून गेला. पण सहादू तेव्हापासून येईल त्याला सांगत राहिला, चिट्टी लागती, चिट्टी लागती. सांगता सांगता तो नियम झाला. नंतर आलेले सातही डॉक्टर तो पाळायला लागले.

"मी सांगितलं समद्यांना," सहादू म्हणाला. "मीच सांगितलं." आणि एवढा मोठा माणूस दवाखान्याच्या फरशीवर उकिडवा बसून रडायला लागला.

मैना दुसऱ्या दिवशी उजाडताना गेली. गळ्याखाली सूज नव्हती. यशोधरा होस्टेलवरून धावत आली तेव्हा गीताबाई गाईच्या मानेवर हात ठेवून बसली होती. तिला फार राग आला होता. डॉक्टरचा आला होता, आबासाहेबांचा आला होता, सहादूचाही आला होता. पण सगळ्यात जास्त स्वतःचा आला होता. चार दिवस ती एका कागदासाठी दारोदार फिरली, आणि तो कागद जगात कोणालाच नको होता. असल्या रागाचं माणूस काही करू शकत नाही. तो आपला आतच राहतो आणि टोचतो.

डॉ. कानिफनाथांनी बारा नंबरच्या कागदावर लिहिलं, मालकाने गाय अभ्यासातून काढून घेतली. अठराव्या दिवशी मेलेली गाय अठराव्या दिवसाच्या रकान्यात बसवायची कशी, हा प्रश्न त्यांनी असा सोडवला आणि पुन्हा मोटारसायकलला किक मारली. बारावी गाय पाहिजे होती.

पण आता ते जिथं जायचे तिथं गीताबाई आधी जाऊन गेलेली असायची. सकाळी संघाचा हॉल झाडायचा, आणि मग पायात वहाणा सरकवून निघायचं. या वस्तीवर, त्या वस्तीवर. कोणाच्या गाईची पोळी सुजली असं कानावर आलं की ही दारात. फार बोलायची नाही. "चिट्टी लागत न्हाई," एवढंच सांगायची. "टेम्पो बोलवा आन नगरला न्ह्या. आजच न्ह्या." आधी लोक हसले, बादलीवाली आली म्हणाले. मग कार्तिकात एक गाय नगरला जाऊन, पोट शिवून, रवंथ करत परत आली. मग दुसरी आली. त्यानंतर डॉक्टरांची मोटारसायकल दिसली की बाया सुजलेली गाय घरामागं नेऊन बांधायला लागल्या. रंगनाथनं तेवढी फ्रेम खिळ्यावरून काढली नाही. फोटो चांगला आलाय म्हणाला.

पौषात एका सकाळी सहादू संघाच्या हॉलाच्या दारात येऊन उभा राहिला. आता तो पहिल्यासारखा बोलत नसे.

"डाक्टरनी बदली मागून घेतली," तो म्हणाला. "पाथर्डीकडं. आबासाहेबांनी फोन लावला म्हनत्यात."

"बरं झालं. पीडा गेली."

"बरं कसलं? तिकडं दिवाळी झाली की निम्मा मुलूख ऊसतोडीला जातो. गाया म्हाताऱ्या मानसांवर सोडून. त्यांना ना अक्षर येत, ना कुनी सांगनारं. एकविसाव्या दिसानंतर गायीचं काय झालं, हे इचारायला हायच कोन तिथं?"

गीताबाईनं झाडू कोपऱ्यात उभा केला, हात धुतले आणि पदर खोचला.

"दाजी," तिनं विचारलं, "पाथर्डीची यष्टी किती वाजता सुटती?"